गॉथिक आणि स्टीमपंक: कुमार-कादंबरीत मुलांना नेमकं काय धरून ठेवतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही कुमारवयीन मुलांसाठी मराठीत कादंबरी लिहीत आहात. कथा १८६२ च्या लंडनमधली. १४ वर्षांची अनाथ एडिथ आत्याच्या जुन्या घरी राहायला येते. घर झपाटलेलं आहे अशी कुजबुज आहे आणि तळघरात आजोबांनी अर्धवट सोडलेलं वाफेचं एक यंत्र आहे. पाच प्रकरणं लिहून झाल्यावर तुम्ही ती १३ ते १५ वयाच्या तीन मुलांना वाचायला दिलीत. तिघांनीही तिसऱ्या प्रकरणात वाचन सोडलं, वर 'वर्णन छान आहे' असंही म्हणाली. हीच मुलं या जातीच्या, म्हणजे गॉथिक (जुन्या वास्तूतली भय-रहस्यकथा) आणि स्टीमपंक (वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या कल्पित जगाची कथा) अशा इंग्रजी कादंबऱ्या मात्र जागून वाचतात. म्हणून तुम्ही विचारता की या प्रकारात मुलांना एवढं काय आवडतं, इतिहास किती घालावा, आणि कथा लंडनमधून उचलून मुंबईत आणली तर जमेल का.

मी कुमार-कादंबऱ्यांचं संपादन करते. हस्तलिखितं तपासताना या प्रकारातली जी अडचण सर्वांत जास्त वेळा समोर येते, तीच तुमची दिसते. धुकं, गॅसबत्त्या, पितळेची चक्रं, काळ्या लेसचे झगे हा सगळा मुखपृष्ठाचा ऐवज आहे. त्यासाठी मूल पुस्तक हातात घेतं. पान उलटत राहतं ते दुसऱ्या कारणासाठी.

गॉथिक कथेचा सांगाडा हॉरेस वॉलपोलने १७६४ मध्ये पहिली अशी कादंबरी लिहिली तेव्हापासून फारसा बदललेला नाही. एक जुनी वास्तू असते. तिच्यात वडीलधाऱ्यांनी काहीतरी दडवलेलं असतं, आणि त्याची किंमत घरातल्या सर्वांत लहान माणसाला मोजावी लागते. १३-१४ वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण खोलीत शिरलो की मोठ्यांचं बोलणं थांबतं, काही नातेवाइकांचं नाव घरात काढायचं नसतं, हे त्याने पाहिलेलं असतं.

स्टीमपंक दुसरी बाजू पुरवतं. तिथलं यंत्र उघडं असतं. कोणता दांडा ओढला की कोणतं चाक फिरतं, वाफ कुठून शिरते आणि कुठे निघते, हे डोळ्यांना दिसतं. आजच्या मुलाच्या हातातला फोन पूर्ण बंद असतो. तो बिघडला तर दुकानात द्यायचा, एवढंच त्याला करता येतं. पितळी यंत्राची कथा त्याला सांगते की झाकण काढ, बघ, तुला कळेल. गॉथिक म्हणतं मोठ्यांनी दडवलंय, स्टीमपंक म्हणतं ते तुझ्या हातांनी उघडता येईल. माझ्या मते या प्रकाराची ओढ या जोडणीत आहे. यंत्र आणि घराचं गुपित एकमेकांत अडकलेलं नसेल तर दोन्ही सुटे पडतात आणि नुसती सजावट उरते.

हे मी कल्पनेतून सांगत नाही, याचं एक खरं उदाहरण आहे. १९२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये एका कुटुंबाकडून पितळी यंत्राचे मोडके अवशेष आले. चित्रं काढणारी, लिहिणारी ती एक यांत्रिक बाहुली होती. ती कुणी बनवली याबद्दल चुकीचा समज होता. तिथल्या कारागिराने यंत्र दुरुस्त करून चालू केलं. बाहुलीने चित्रं काढली, कविता लिहिल्या, आणि एका कवितेच्या कडेला फ्रेंचमध्ये लिहिलं की हे मेलार्देच्या यंत्राने लिहिलं आहे. आँरी मेलार्दे हा १८०० च्या सुमारास लंडनमध्ये काम करणारा स्विस कारागीर. त्याचं नाव शंभराहून जास्त वर्षं यंत्राच्या हालचाली ठरवणाऱ्या चकत्यांच्या कडांवर कोरलेलं होतं, फक्त यंत्र चालवून पाहणारं कुणी नव्हतं. तुमच्या कादंबरीला हाच ढाचा हवा आहे. यंत्र दुरुस्त झालं की गेलेला माणूस बोलला पाहिजे.

आता तुमचं तिसरं प्रकरण. तुम्ही दिलेल्या उताऱ्यात एडिथ तळघरात उतरते आणि पुढची सहा पानं यंत्र पाहते. त्यातली दोन वाक्यं अशी आहेत: 'पितळेची शेकडो चक्रं मंद प्रकाशात चमकत होती. जणू काळच तिथे थांबला होता.' वाक्यात चूक काही नाही. पण त्यातून प्रश्न निर्माण होत नाही आणि एडिथच्या हातांना काम मिळत नाही. त्या जागी असं काही आलं तर बघा:

'चाक अर्धी फेरी फिरलं आणि अडकलं. एडिथने कंदील खाली नेला. नवव्या चाकाला एक दात नव्हता. तिने बोट फिरवलं. तुटलेलं पितळ खरखरीत लागलं असतं, हे गुळगुळीत होतं, वर बारीक समांतर रेघा. बाकी सगळं यंत्र काळवंडलेलं आणि एवढा एकच भाग पिवळाजर्द. वरच्या मजल्यावर आत्याच्या कपाटाचं दार करकरलं.'

तुटलेल्या पितळाचा पृष्ठभाग दाणेदार असतो, कानशीने घासलेल्यावर रेघा राहतात. ताजं घासलेलं पितळ झळझळीत पिवळं दिसतं आणि दमट तळघरात काही महिन्यांत तपकिरी पडतं. म्हणजे एडिथला एका नजरेत तीन गोष्टी कळल्या. दात मोडलेला नाही, तो कुणीतरी काढला आहे, आणि अलीकडेच काढला आहे. आजोबा जाऊन तर दहा वर्षं झाली. मग कुणी? हा प्रश्न वाचकाला चौथ्या प्रकरणात नेतो. शिवाय मुलाला उत्तर शोधायची रीतही कळलेली असते, त्यामुळे ते एडिथच्या बरोबरीने विचार करू लागतं. यंत्राचं वर्णन शंभर ओळी करा की दहा, त्यात असा एक पुरावा हवा.

या प्रकाराला एकोणिसावं शतक इतकं का मानवतं, हाही प्रश्न व्यावहारिक आहे. आजच्या काळातली साहसकथा लिहिताना आईवडील, शाळा आणि मोबाइल या तिघांना कथेबाहेर काढण्यात पहिली चार प्रकरणं खर्च होतात. १८६२ च्या इंग्लंडमध्ये ते करावंच लागत नाही. शाळा सक्तीची झाली १८८० मध्ये. कापड गिरण्यांत १३ ते १८ वयाच्या मुलांचा कामाचा दिवस १८४७ च्या कायद्याने १० तासांवर आला, आणि ती मोठी सुधारणा मानली गेली. ग्रीनिचच्या वेधशाळेत तिचा प्रमुख जॉर्ज एअरी याने १८३० च्या दशकापासून कुमारवयीन मुलं आकडेमोडीसाठी नेमली होती. १४ वर्षांचं मूल एकटं शहरभर फिरतं, पगार कमावतं, यंत्राजवळ उभं राहतं, हे त्या काळात नवलाचं नव्हतं. वाचकाला त्या स्वातंत्र्याचा हेवा वाटतो आणि त्याच वेळी त्यातला धोका दिसतो. हे दोन्ही एकत्र ठेवा. नुसतं स्वातंत्र्य दाखवलं तर इतिहास खोटा होतो, आणि नुसते हाल दाखवले तर पुस्तक पाठ्यपुस्तकासारखं वाटायला लागतं.

यंत्राबद्दल एक नियम मी सोडत नाही: त्याला मर्यादा हवी आणि ती वाचकाला आधी माहीत हवी. तुमचं यंत्र एडिथ कळ दाबते आणि सुरू होतं. वाफेचं कुठलंही यंत्र असं सुरू होत नाही. थंड बॉयलर आधी पाण्याने भरायचा, मग भट्टी पेटवायची, मग वाट पाहायची. लहान बॉयलरलाही तासभर सहज लागतो, मोठ्याला अनेक तास. एक किलो चांगल्या कोळशावर साधारण सहा-सात किलो पाण्याची वाफ होते. तीन अश्वशक्तीचं साधं, छोटं इंजिन तासभर चालवायचं तर ढोबळ हिशोबाने १२ किलो कोळसा आणि ७०-७५ लिटर पाणी लागेल. म्हणजे एडिथने सहा बादल्या पाणी तळघरात उतरवलं पाहिजे, तेही आत्याला आवाज न जाता. आणि धूर? तो धुराड्यातून बाहेर पडणार, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला कळणार की या घराची बंद भट्टी आज पेटली आहे. एवढ्या एका हिशोबातून तुम्हाला दोन प्रकरणांचा ताण मिळतो, आणि त्यासाठी नवीन खलनायक आणावा लागत नाही.

बिघाडसुद्धा असाच नेमका असू द्या. 'बॉयलरचा स्फोट झाला' एवढ्याने भागत नाही. भट्टीच्या माथ्यावरचा पत्रा कायम पाण्याखाली असावा लागतो. पाणी कमी झालं की तो पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि वाफेच्या दाबाने फाटतो. म्हणून बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते, जादा वाफ सोडणारी झडप असते, आणि पत्र्यात शिशाचं बूच बसवलेलं असतं. पाणी उतरलं की शिसं वितळतं, भोकातून वाफ भट्टीत घुसते आणि आग मंदावते. यातली काचेची नळी गाळाने बंद झालेली असेल, किंवा कुणी शिशाच्या जागी लोखंडी बूच ठोकलं असेल, तर वाचकाला धोका प्रसंगाच्या आधी दहा पानं दिसतो. भीती तिथून सुरू होते.

मर्यादेचं दुसरं उदाहरण आकाशातलं देते, कारण तुमच्या आराखड्यात शेवटी वाफेचं हवाई जहाज आहे. आँरी झिफारने २४ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसहून वाफेच्या इंजिनावर चालणारं हवाई जहाज खरंच उडवलं. इंजिन तीन अश्वशक्तीचं, अंतर सुमारे २७ किलोमीटर. पण वाऱ्याविरुद्ध परत येण्याइतकी ताकद त्या इंजिनात नव्हती. तुमचं हवाई जहाज सात समुद्र पार करतं म्हणून रोमांचक वाटत नाही. ते जाऊ शकतं पण परत येऊ शकत नाही, एवढंच ठरवलंत तर एडिथला शेवटच्या प्रकरणात खरा निर्णय घ्यावा लागेल.

चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाच्या गणनयंत्राचा उल्लेख तुम्ही दोनदा केला आहे आणि दोन्ही वेळा ते वाफेवर धडधडताना दाखवलंय. बॅबेजने १८४७ ते १८४९ दरम्यान आराखडा केलेलं 'दुसरं डिफरन्स इंजिन' हे गणनयंत्र त्याच्या हयातीत बनलं नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच आराखड्यांवरून १९९१ मध्ये त्याचा आकडेमोडीचा भाग उभा केला आणि पुढे २००२ मध्ये छपाईचा भाग जोडला. ते बरोबर चालतं. सगळं मिळून ८,००० भाग आणि वजन सुमारे पाच टन. पण ते हाताने दांडा फिरवून चालवायचं यंत्र आहे. इतिहास बदलायला तुम्हाला मोकळीक आहे, मात्र एकाच जागी बदला आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत न्या. 'ते यंत्र १८५० मध्येच बनलं असतं तर' एवढा एक बदल घ्या. मग वेधशाळेत आकडेमोड करून घर चालवणाऱ्या पोरांचं काय झालं? त्यांच्यातला एक एडिथचा मित्र असू शकतो, आणि त्याला तिच्या आजोबांच्या यंत्राचा राग असायला सबळ कारण आहे. जिथे प्रत्येक प्रकरणात नवं अजब यंत्र येतं तिथे वाचकाचा विश्वास उडतो, कारण मग कुठलीही अडचण कुठल्याही यंत्राने सुटू शकते.

आता भूत. कादंबरीतलं भूत खरं आहे की बनाव, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही असं लिहिलंय. ते लिहायला बसण्याआधी ठरवा. सगळी भुतं शेवटी तारा आणि आरसे निघाली तर या वयाच्या वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. सगळी खरी निघाली तर एडिथच्या शोधक बुद्धीला काम उरत नाही. माझा सल्ला असा की घरातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होऊ द्या आणि एक गोष्ट उलगड्याबाहेर ठेवा. ती कोणती, हे मात्र तुम्हाला पहिल्या पानापासून माहीत हवं.

बनावासाठी तुम्हाला कल्पनाही करावी लागणार नाही, कारण तुम्ही निवडलेल्या वर्षीच लंडनमध्ये भूत यंत्राने दाखवलं गेलं. २४ डिसेंबर १८६२ च्या संध्याकाळी रीजंट स्ट्रीटवरच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत उभं केलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. रचना अशी: रंगमंचाच्या पुढच्या बाजूला मोठी स्वच्छ काच प्रेक्षकांकडे झुकवून उभी करायची. तिच्यासमोर, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात, भुताच्या वेशातला नट. त्याच्यावर चुन्याच्या दिव्याचा झोत टाकायचा, म्हणजे प्राणवायू आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा गोळा तापवून काढलेला पांढराशुभ्र उजेड. नटाचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि प्रेक्षकांना ते रंगमंचावर चालणाऱ्या माणसाच्या शेजारी, आरपार दिसणारं असं भासतं. झोत बंद केला की भूत नाहीसं.

यातला कादंबरीच्या कामाचा मुद्दा असा आहे की रंगमंचावरच्या नटाला ते भूत दिसतच नाही. त्याला जमिनीवरच्या खुणा पाहून, अंदाजाने, रिकाम्या हवेवर तलवार चालवावी लागते. तुमच्या दिवाणखान्यात हीच युक्ती वापरली असेल, तर ज्याला भूत दिसत नाही तो माणूस काचेच्या पलीकडे उभा आहे आणि बनावात सामील आहे, हे एडिथ तर्काने काढू शकते. बिघाडही तयार मिळतात: काचेवर धूळ किंवा बोटांचे ठसे राहिले तर काच उघडी पडते, समोरून दिव्याचा प्रकाश आला तर ती चमकते, आणि काचेमागचा आवाज दबका येतो. 'आत्या बोलली पण तिचा आवाज बंद खिडकीआडून यावा तसा आला' असं एक वाक्य सहाव्या प्रकरणात टाकून ठेवा, तेराव्यात ते फळाला येईल.

घर माणसांना आजारी पाडतं, हा गॉथिक कथेतला जुना धागाही तुम्हाला रसायनातून मिळतो. त्या काळच्या हिरव्या भिंत-कागदांच्या रंगात आर्सेनिक असायचं. त्याबद्दल डॉक्टर तेव्हाच शंका घेत होते, आणि कागद तरीही विकला जात होता. दमट भिंतीच्या हिरव्या खोलीत जो झोपतो तो खंगत जातो, एवढं दाखवलं की पुरे.

इतिहास किती घालावा, याला मी शब्दांचं प्रमाण सांगत नाही. एक कसोटी सांगते. प्रसंगातला ऐतिहासिक तपशील पात्राला अडवतो का, किंवा मदत करतो का? दोन्ही करत नसेल तर तो कापा, कितीही कष्टाने शोधलेला असला तरी. तुम्ही दुसऱ्या प्रकरणात लंडनच्या भुयारी रेल्वेचा इतिहास दीड पान सांगता. ती रेल्वे प्रवाशांसाठी सुरू झाली १० जानेवारी १८६३ ला, म्हणजे तुमच्या कथेनंतर. पण जून १८६२ मध्ये फ्लीटचा जुना नाला फुटून त्या बांधकामात पाणी घुसलं होतं. एडिथला पाठलाग चुकवायला अर्धवट खणलेलं, नुकतंच बुडून वर काढलेलं भुयार मिळतं, आणि त्या दीड पानाची गरज राहत नाही. त्याच वर्षी मे ते नोव्हेंबर दक्षिण केन्सिंग्टनला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन होतं आणि तिथे बॅबेजच्या पहिल्या यंत्राचा जोडलेला तुकडा मांडला होता. आजोबांचं यंत्र ओळखायला एडिथला तिथेच नेता येईल. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट डिसेंबर १८६१ मध्ये वारले होते, त्यामुळे दरबार वर्षभर काळ्या कपड्यांत होता. वर्षाची निवड तुम्ही फार चांगली केली आहे, तिचा उपयोग मात्र अजून केलेला नाही.

तुमच्या मजकुरातल्या दोन चुका इथेच सांगते, कारण त्या जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात असतात. पहिली, गॅसच्या दिव्याचा 'पांढरा प्रखर उजेड'. पेट्रोमॅक्सच्या बत्तीत असते तशी जाळी गॅसच्या दिव्यांना १८८० च्या दशकात आली. १८६२ मध्ये गॅसची ज्योत उघडी, पिवळसर आणि हलती असायची. बंद खोलीत तिचा वास यायचा, हवा कोंदट व्हायची, छत काळं पडायचं. तुमच्या कथेला हा हलता उजेडच जास्त उपयोगी आहे. दुसरी, कबरी उकरून प्रेतं विकणारे चोर. १८३२ च्या कायद्याने रुग्णालयांत आणि गरीबगृहांत बेवारस मेलेल्यांची प्रेतं शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी देता येऊ लागली आणि तो चोरधंदा बसला. तीस वर्षांनंतर तो दाखवणं चूक आहे. त्याऐवजी खरा कायदा वापरा. एडिथसारख्या, मागे कुणी नसलेल्या मुलीला गरीबगृहाची धास्ती का वाटत असेल, ते त्यातून लगेच कळतं.

किती भयानक लिहावं, हे तुम्ही कुणासाठी लिहिता त्यावर ठरतं. १२ वर्षांच्या वाचकाला प्रेत दाखवू नका, प्रेत ठेवलेल्या खोलीचं बंद दार दाखवा. १६ वर्षांच्या वाचकाला दार उघडलं तरी चालेल, फक्त आत पाहिल्यावर एडिथचा काहीतरी निर्णय बदलला पाहिजे. मुलांना क्रौर्य सहन होत नाही असा माझा अनुभव नाही. प्रसंग विनाकारण घातला आहे हे ओळखण्यात मात्र ती मोठ्यांपेक्षा तरबेज असतात.

मराठीत लिहिताना भाषेची एक अडचण वेगळी आहे. तुमच्या कथेतला लंडनचा रस्त्यावरचा पोरगा मालवणीत बोलतो. मालवणी कानावर पडली की वाचक कोकणात पोचतो, थेम्सच्या काठी राहत नाही. सगळ्या पात्रांना साधी प्रमाण मराठी द्या आणि वर्गातला फरक वाक्यांच्या लांबीतून, तू, तुम्ही, आपण या संबोधनांतून आणि कोण कुणाचं बोलणं मध्येच तोडतं यातून दाखवा. मोलकरीण आत्याला 'आपण' म्हणते आणि एडिथला एकांतात 'तू' म्हणते, एवढ्यातून घरातली सगळी उतरंड कळते.

लांबी: या वयासाठी मराठीत ४५ ते ५५ हजार शब्द पुष्कळ झाले, प्रकरण दोन ते अडीच हजारांचं. पहिल्या हजार शब्दांत घराबद्दलचा एक प्रश्न उभा राहावा. कादंबरीच्या पहिल्या चतुर्थांशात यंत्र थोडं तरी हलावं, मध्यावर ते बिघडावं आणि बिघाडातून माणसाबद्दल काही कळावं. शेवटी ते ज्या कामासाठी बनलंय असं सगळे समजत होते त्याहून वेगळ्याच कामाचं निघावं. तुमच्या आराखड्यात यंत्र पहिल्यांदा हलतं ते अकराव्या प्रकरणात. ते चौथ्यात आणा.

राहिला मुंबईचा प्रश्न. 'मराठी मुलांना लंडन परकं वाटत असेल' एवढ्याच कारणासाठी हलवणार असाल तर हलवू नका. तुमच्या तिन्ही वाचकांना लंडन परकं वाटलेलं नाही, ती तर इंग्रजीतून रोज तिथेच जातात. पण त्याच वर्षांतल्या मुंबईत तुम्हाला खरोखर रस असेल तर तिथे माल कमी नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तिथे चुली विझल्या आणि इथे कापसाच्या भावाने पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि शेअरबाजार कोसळला. याच काळात फोर्टची तटबंदी पाडली गेली, १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. पाडलेल्या तटात काय सापडलं, इथून एक गॉथिक कथा सहज सुरू होते. दोन शहरं कापसाच्या एका गाठीने बांधलेली आहेत, तेव्हा एडिथच्या आजोबांचा पैसा कुठून आला याचा माग मुंबईपर्यंत नेता येईल.

मात्र मुंबईत कथा आणलीत तर प्रश्न बदलतो. लंडनमधल्या एडिथला यंत्र वारशाने मिळतं. मुंबईतल्या गिरणीच्या किंवा रेल्वेच्या यंत्राचा मालक एक, चालवणारा दुसरा, आणि घाटात सुरुंग लावताना मरणारा तिसरा. ते सोडून नुसती पगडी आणि पितळी चष्मा एकत्र आणलात तर ती पुन्हा सजावटच होईल. आणि १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा वापरायचा मोह होईल. कादंबरीत खुशाल वापरा, पण शेवटच्या टिपणात ती इतिहास म्हणून देऊ नका. तिला त्या काळातला खात्रीचा पुरावा नाही, आणि या वयाची मुलं शेवटचं टिपण शब्दशः खरं मानतात.

मुंबईचा निर्णय घेण्याआधी दोन पुस्तकं हाताशी ठेवा. गोविंद नारायण माडगावकर यांचं १८६३ चं 'मुंबईचे वर्णन' वाचा. तुम्हाला हवी ती मुंबई त्यात तेव्हाच्या माणसाने, तेव्हाच्या मराठीत लिहून ठेवली आहे. आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची आवृत्ती ठेवा, म्हणजे एखादा शब्द त्या काळी होता की नाही ते लगेच पाहता येईल. माडगावकर वाचून संपेपर्यंत मुंबईतलं एखादं पात्र तुमच्याशी बोलू लागलं नाही, तर लंडनच ठेवा आणि तिसऱ्या प्रकरणातल्या नवव्या चाकापासून पुन्हा लिहायला घ्या.